अर्धा टन गवत, ऐंशी टन दगड

बंगल्यामागे दोन गुंठे मोकळी जागा आहे आणि तिथे टर्फ टाकायचं ठरलं, की घरातली सगळी चर्चा गवताभोवती फिरते. रंग गडद हवा की पोपटी, पातं ४० मिलिमीटरचं की ५०, पडल्यावर गुडघे सोलवटतील का. ठेकेदार नमुन्याचे तुकडे टेबलावर मांडतो आणि चहा येईपर्यंत सगळं घर तळहाताने प्लास्टिक कुरवाळत बसतं. खाली काय जाणार, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर एका शब्दात येतं : ‘बेस’.

या बेसचं वजन सुमारे ८० टन भरतं. वरचं सगळं गवत, त्याच्या पाठीच्या कापडासकट, अर्ध्या टनाच्या आत. माणूस गवत घ्यायला निघतो आणि त्याच्या १६० पट दगड घेऊन येतो; फक्त पावतीवर ठळक अक्षरात गवत असतं, म्हणून ते कळत नाही.

आता मापं ठरवून घेऊ. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. त्यात २० बाय १० मीटरचं, म्हणजे २०० चौरस मीटरचं कोर्ट जेमतेम बसतं; वर २५ चौरस फूट उरतात. हे माप मी सोयीसाठी घेतलेलं नाही. पॅडेल नावाचा जो खेळ सध्या मोठ्या शहरांत पसरतो आहे, त्याच्या कोर्टाचं हेच अधिकृत माप आहे, आणि तो खेळ जन्मला तोच मुळी एका घराच्या आवारात. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्कोमध्ये एन्रिके कोर्कुएरा या गृहस्थाने राहत्या घरी भिंतींनी वेढलेलं कोर्ट बांधलं आणि पाहुण्यांना खेळवायला सुरुवात केली. पाच वर्षांत ते स्पेनमधल्या मार्बेयाला पोचलं आणि तिथून जगभर. आपल्याकडे मात्र परसातल्या टर्फवर आधी बॅटच येणार. तेव्हा एक इशारा : बावीस यार्ड म्हणजे २०.१२ मीटर. वीस मीटरच्या कोर्टात पूर्ण खेळपट्टी बारा सेंटिमीटरने बसत नाही, आणि बसली असती तरी रनअप घ्यायला गोलंदाजाला शेजाऱ्याच्या अंगणात जावं लागलं असतं.

आणखी एक छोटा हिशोब, तो खिशाचा. कोर्टाचं क्षेत्रफळ २,१५३ चौरस फूट असल्यामुळे ठेकेदार ‘फुटामागे फक्त एक रुपया जास्त’ म्हणतो तेव्हा तो दोन हजार एकशे त्रेपन्न रुपये मागत असतो. या सगळ्या प्रकरणात हेच घडत राहतं. चौरस मीटरला किंवा चौरस फुटाला सांगितलेला आकडा इवलासा वाटतो; तो कोर्टाच्या क्षेत्रफळाने गुणायचं आपण विसरतो.

पहिलं काम खोदाई. जेसीबी येतो आणि २० सेंटिमीटर माती खरवडतो. काळी माती खोल असेल तर जाणता मिस्त्री फूट-दीड फूट खाली जायला सांगेल; आपण किमान हिशोब धरू. २०० चौरस मीटर गुणिले २० सेंटिमीटर म्हणजे ४० घनमीटर. पण जमिनीत दाबून बसलेली माती उकरली की फुगते. पंचवीस टक्के वाढ धरली तर ५० घनमीटर. आपल्या भाषेत जवळपास अठरा ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो, म्हणजे अठरा ट्रॉल्या माती बाहेर.

ही माती काढायचीच कशाला? दगड तिच्यावरच का नाही पसरत? याचं उत्तर मातीच्या आत, डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या मापात आहे, आणि या सगळ्या उद्योगातला सर्वांत अचाट आकडा मला तिथेच सापडतो.

दख्खनच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली चिकणमातीची खनिजं भरपूर असतात. या खनिजाचा कण म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले पापुद्रे. प्रत्येक पापुद्र्याची जाडी सुमारे एक नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये असे दहा लाख पापुद्रे बसतील. पावसाचं पाणी या पानांच्या मधे शिरतं आणि ती एकमेकांपासून दूर ढकलतं. त्यामुळे जुलैत जमीन फुगते आणि एप्रिलमध्ये तिला भेगा पडतात. आता शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटचा फक्त एक ग्रॅम घ्या, बोटांच्या चिमटीत येईल एवढा. त्याचे सगळे पापुद्रे सोडवून दोन्ही बाजू मोजल्या तर क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरच्या घरात जातं. म्हणजे एका चिमटीत साडेतीन कोर्टं.

चिमटीवर थांबायचं कशाला? बाहेर काढलेल्या ४० घनमीटर मातीचं कोरडं वजन ५६ टनांच्या आसपास. त्यातला तिसरा हिस्साच हे खनिज आहे असं धरलं, तरी सुमारे १९ टन. त्याचा आतला पृष्ठभाग येतो तेरा हजार चौरस किलोमीटर. आख्खं गोवा राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं आहे. बंगल्यामागून अठरा ट्रॉल्यांतून निघून गेलेल्या मातीत साडेतीन गोव्यांएवढं क्षेत्र घडी घालून ठेवलेलं होतं, आणि त्याच्या प्रत्येक चौरस मीटरला पाणी धरायची हौस होती. अशा जमिनीवर सपाट काही टाकायचं म्हणजे दर पावसाळ्यात ते वर उचललं जाणार आणि दर उन्हाळ्यात खाली बसणार. फुटबॉलच्या अधिकृत टर्फसाठी नियम असा, की तीन मीटरची सरळ पट्टी कुठेही ठेवली तरी तिच्याखाली १० मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसता कामा नये. परसातल्या कोर्टासाठी तो नियम कुणी तपासायला येत नाही, पण चेंडू तपासतो.

माती गेली की दगड येतो. तळाला सोलिंग आणि मुरूम मिळून १० सेंटिमीटर, वर १० सेंटिमीटर खडी, आणि अगदी वर तळहाताने सारखी करावी अशी कच. तळाचा थर ४४ टन, वरचा ३५ टन. दाबल्यावर हे सगळं ४० घनमीटर व्हायचं म्हणून सैल माल जवळपास तेवढाच लागतो, जेवढी सैल माती बाहेर गेली. अठरा ट्रॉल्या गेल्या, अठरा ट्रॉल्या आल्या. छत्तीस फेऱ्यांनंतर जमिनीची पातळी पूर्वी होती तिथेच. गल्लीतल्या लोकांना या कामात आठवडाभर काय चाललं होतं हे कळत नाही, त्याचं कारण हेच.

वरच्या थरातली खडी सगळी २० मिलिमीटरची आणि गोल आहे असं समजलं, तर तिचे तुकडे होतात २८ लाख. खडी गोल नसते हे मान्य, पण लाखांचा अंदाज त्याने फारसा हलत नाही.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ही खडी म्हणजे बेसॉल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर बसत गेले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर ते पसरलेले आहेत. पश्चिमेकडे त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते. सह्याद्रीचे कडे त्याचेच, अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरलेली, आणि क्रशरमधून फुटून आलेली परसातली खडीही त्याचीच. वरच्या गवताचं आयुष्य, नीट राखलं तर, आठ-दहा वर्षं. दगडाच्या वयात असं गवत एकामागून एक ६६ लाख वेळा बदलून झालं असतं.

दगड पसरला की रोलर फिरतो. हाताने चालवायच्या रोलरची रुंदी दोन फूट धरा. दहा मीटर रुंद कोर्टावर त्याच्या सतरा पट्ट्या होतात, प्रत्येक पट्टी वीस मीटरची. एका थरावर आठ वेळा फिरवायचा आणि थर दोन. हा माणूस वीस मीटरच्या जागेत साडेपाच किलोमीटर चालतो, तेही थरथरणारं यंत्र हातात धरून, आणि जिथून निघाला तिथेच पोचतो. ठेकेदार घाई करतो ती नेमकी इथे. आठच्या जागी चार वेळा रोलर फिरला तर त्या दिवशी काहीही दिसत नाही. दोन पावसाळ्यांनंतर दिसतं.

आता एकदाचं गवत.

बॉक्स क्रिकेट-फुटबॉलसाठी जे ५० मिलिमीटरचं टर्फ वापरतात, त्याच्या माहितीपत्रकावर अनेकदा ९,४५० असा आकडा असतो. हे एका चौरस मीटरमधले टाके. ओळींमधलं अंतर पाच अष्टमांश इंच, म्हणजे मीटरमध्ये ६३ ओळी. प्रत्येक ओळीत मीटरला १५० टाके. प्रत्येक टाक्यात आठ तंतूंचा धागा कापडातून खाली जाऊन पुन्हा वर येतो, त्यामुळे त्याची वर दिसणारी पाती सोळा. चौरस मीटरला दीड लाख पाती. कोर्टभर तीन कोटी. दिवसरात्र न थांबता सेकंदाला एक पातं मोजलं, तर मोजणी साडेअकरा महिन्यांनी संपेल. सगळी पाती एकापुढे एक ठेवली तर लांबी १,५१२ किलोमीटर, मुंबईहून रस्त्याने दिल्ली गाठून पुढे थोडं. आणि या सगळ्या पात्यांचं वजन २२७ किलो. एका पात्याच्या वाट्याला साडेसात मिलिग्रॅम येतात.

हे विणायला किती वेळ लागतो? गालिचे विणायच्या यंत्रावर चार मीटरच्या रुंदीत या मापाच्या अडीचशे सुया एका रांगेत असतात आणि त्या एकदम खाली-वर होतात. दोनशे चौरस मीटर म्हणजे चार मीटर रुंदीचं पन्नास मीटर कापड; त्यात सुयांना ७,५०० वेळा खाली जायचं आहे. मिनिटाला तीनशे टाके धरले तर पंचवीस मिनिटं. तीन कोटी पाती अर्ध्या तासाच्या आत उगवतात.

खरं गवत इतक्या झटपट उगवत नाही, पण ते उगवतं तेव्हा काय करतं हे १९३७ साली आयोवा विद्यापीठातल्या हॉवर्ड डिटमर यांनी मोजून ठेवलं आहे. त्यांनी राय या गवतवर्गीय धान्याचं एकच रोप दोन घनफुटांपेक्षाही लहान खोक्यात चार महिने वाढवलं, मग माती धुऊन काढली आणि मुळं मोजली. मुळं निघाली १ कोटी ३८ लाख. त्यांची एकूण लांबी ६२३ किलोमीटर. मुळांवरचे केसासारखे तंतू १,४०० कोटी, त्यांची लांबी दहा हजार किलोमीटरवर. एका रोपाची ही कथा. आपल्या संपूर्ण कोर्टावरचं प्लास्टिकचं गवत लांबीत हरवायला अशी तीन रोपं पुरतात, आणि तीही केसासारखे तंतू हिशोबात न धरता. कारखान्याने नक्कल केली ती फक्त जमिनीवर दिसणाऱ्या भागाची. खाली मुळांनी जे धरून ठेवलं असतं, ते धरायला आपण ऐंशी टन दगड आणला.

पात्यांना उभं ठेवायलाही वजनच लागतं. नुसतं टर्फ अंथरलं तर पाती आडवी पडतात, म्हणून त्यांच्या बुडाशी सिलिका वाळू भरतात. चौरस मीटरला १५ किलो धरली तर कोर्टाला तीन टन. म्हणजे गवताला उभं करणारी वाळू गवताच्या सहापट जड. अर्ध्या मिलिमीटरचा एक दाणा धरून हिशोब केला तर तीन टनांत दाणे होतात १,७३० कोटी. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या थोडी वर आहे. प्रत्येक माणसाला दोन दोन दाणे वाटून उरतील. सेकंदाला एक दाणा मोजायचा तर साडेपाचशे वर्षं लागतील. आज मोजणी संपवायची असेल तर महमूद गवान बहमनी दरबारात वजीर होता तेव्हाच कुणीतरी बसायला हवं होतं.

काही ठेकेदार वाळूवर रबराचे काळे दाणेही सुचवतात. जुन्या टायरांचा हा चुरा चौरस मीटरला आठ किलो टाकला तर १,६०० किलो होतो. एका मोटारीच्या टायरमधून सुमारे सहा किलो चुरा निघतो असं धरलं, तर पावणेतीनशे टायर, म्हणजे ६७ मोटारींची चाकं परसात पुरल्यासारखं होतं. दाणे ८० कोटींच्या आसपास. ते तिथेच राहिले असते तर प्रश्न नव्हता, पण ते बुटांतून, मोज्यांतून, पावसाच्या पाण्यातून बाहेर पडतात. युरोपातल्या कृत्रिम मैदानांतून दरवर्षी सोळा हजार टनांपर्यंत भरावाचे दाणे बाहेर निसटतात, असा युरोपीय रसायन संस्थेचा अंदाज आहे. त्यामुळे २०२३ मध्ये युरोपीय संघाने नियम केला आणि ऑक्टोबर २०३१ पासून तिथे अशा दाण्यांची विक्री बंद होणार आहे. परसातल्या कोर्टावर, जिथे व्यावसायिक फुटबॉल कुणी खेळत नाही, तिथे हे रबर घ्यायचं मला तरी कारण दिसत नाही. वाळू पुरते.

पावसाचं गणित आणखी सोपं आणि आणखी अंगावर येणारं आहे. दोनशे चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दोनशे लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथे आपलं कोर्ट असतं तर त्यावर १ लाख ८८ हजार ८०० लिटर पाणी पडलं असतं, दहा हजार लिटरचे एकोणीस टँकर. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर, म्हणजे दीड टँकर. एकाच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतराने.

हे पाणी जाणार कुठून? टर्फच्या पाठीला साधारण दर दहा सेंटिमीटरवर चार मिलिमीटरचं एक भोक असतं. कोर्टभर अशी वीस हजार भोकं. सगळी एकत्र आणली तर अर्ध्या मीटर लांबीचा आणि अर्ध्या मीटर रुंदीचा एक चौकोन होतो, बस. क्षेत्रफळाच्या सव्वा दशांश टक्का. एवढ्यातून धो धो पाऊस उतरेल यावर विश्वास बसत नाही. पण तासाला ५० मिलिमीटरची जोरदार सर धरा. कोर्टावर तासाला दहा हजार लिटर पडतात, ते वीस हजार भोकांत वाटले तर एकेका भोकाच्या वाट्याला तासाला अर्धा लिटर. सेकंदाला तीन थेंब. ते भोक आरामात पेलतं.

अडचण येते ती भोकांच्या खाली. वरच्या खडीच्या थरात दगडांमधल्या पोकळ्या चाळीस टक्के धरल्या तर तिथे आठ हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे ४० मिलिमीटर पाऊस. त्यापुढचं पाणी कडेच्या चरात गेलं पाहिजे. त्यासाठी मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना शंभराला एक असा उतार देतात. पाच मीटरमागे पाच सेंटिमीटर. खेळताना हा उतार जाणवतही नाही. तो दिला नाही तर मात्र पाणी थेट त्या काळ्या मातीत उतरतं, जिच्यात असे आणखी गोवे खाली शिल्लकच आहेत.

पाण्याच्याच खात्यावर प्लास्टिकच्या बाजूने सर्वांत मोठा आकडा आहे. उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशी खऱ्या हिरवळीतून पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी हवेत उडतं. दोनशे चौरस मीटरची हिरवळ रोज हजार लिटर पिते. पावसाळा सोडून आठ महिने धरले तर सरासरी थोडी कमी होईल, पण वीस टँकर कुठे गेले नाहीत. ज्या गावात मार्चपासून पिण्याचं पाणी टँकरने येतं, तिथे परसात हिरवळ जोपासणं म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घेणं. टर्फवाले हा मुद्दा पुढे करतात आणि तो खोटा नाही.

पण ते हजार लिटर पाणी फुकट उडत नव्हतं. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं. हजार लिटर म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ६८० युनिट. दीड टनाचा एसी आठ तास चालवून खोलीतून जेवढी उष्णता बाहेर टाकतो, त्याच्या सोळापट. परसातली हिरवळ सोळा एसींचं काम आवाज न करता करत होती. तिच्या जागी प्लास्टिक आलं की हे काम बंद पडतं, आणि भर दुपारी चौरस मीटरला एक किलोवॅट या हिशोबाने कोर्टावर पडणाऱ्या दोनशे किलोवॅट उन्हाला जायला जागाच उरत नाही.

परिणाम मोजलेला आहे. अमेरिकेतल्या यूटा राज्यात ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर २००२ साली तापमानं घेतली गेली. हवा ३७ अंश सेल्सिअस असताना टर्फच्या पृष्ठभागावर ९३ अंशांपर्यंत आकडा गेला. पाणी मारल्यावर पृष्ठभाग ७९ वरून २९ अंशांवर आला. पाच मिनिटांत पुन्हा ४९, आणि वीस मिनिटांत ७३. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात हवाच ४४-४५ अंशांवर असते. तेव्हा सुट्टीत दिवसभर मुलं टर्फवर खेळतील ही कल्पना आधीच सोडलेली बरी. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, एवढाच तो वेळ. सावलीचं एखादं मोठं झाड कोर्टासाठी तोडायचं घाटत असेल, तर तोडण्याआधी हे आकडे पुन्हा वाचावेत.

गंमत अशी, की या पदार्थाला प्रसिद्धी मिळाली ती ऊन फार झाल्यामुळे नव्हे, ऊन मिळेना म्हणून. १९६४ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या मोझेस ब्राउन शाळेत त्याचा पहिला मोठा प्रयोग झाला. शहरातल्या मुलांना खेळायला जागा नाही, ही त्यामागची चिंता. पण नाव झालं ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममुळे. १९६५ मध्ये उघडलेल्या या झाकलेल्या बेसबॉल मैदानाच्या छतात साडेचार हजारांहून जास्त पारदर्शक तावदानं होती, म्हणजे खालचं खरं गवत जगेल. त्या उजेडात उंच उडालेला चेंडू खेळाडूंना दिसेना. तावदानं रंगवली. चेंडू दिसू लागला आणि गवत मेलं. उरलेला मोसम मेलेलं गवत आणि माती हिरव्या रंगाने रंगवून काढला आणि १९६६ मध्ये मोन्सँटोचं नायलॉनचं गवत अंथरलं. दहाच वर्षांनी, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा अशा गवतावर खेळली गेली. आदल्या वर्षी क्वालालंपूरला विश्वचषक जिंकलेला आपला संघ तिथे सातवा आला. हॉकीचं एक मैदान म्हणजे आपलं कोर्ट पंचवीस वेळा. तेव्हा आपल्याकडे सरावाला एवढंही कृत्रिम गवत नव्हतं. आता बंगल्यांमागे आहे.

जाळीचा हिशोब चटकन उरकू. भोवती ६० मीटर घेर, सात मीटर उंची आणि वर छत म्हटलं तर ६२० चौरस मीटर जाळी लागते, कोर्टाच्या तिप्पट. चार सेंटिमीटरच्या चौकटींनी तिच्यात पावणेचार लाखांहून जास्त खिडक्या होतात आणि जवळपास तेवढ्याच गाठी. त्यातली एक सुटली की चेंडू नेमका तिथूनच जातो, याला गणितात उत्तर नाही.

आठ-दहा वर्षांनी पाती मोडतात, ओळींमधून पाठीचं कापड दिसायला लागतं आणि टर्फ बदलायची वेळ येते. अंथरताना चार मीटर रुंद आणि दहा मीटर लांब अशा पाच पट्ट्या होत्या, एकेक ९६ किलोची. चार माणसांनी खांद्यावरून आणल्या. आता त्याच पट्टीत वाळू घट्ट बसली आहे आणि तिचं वजन झालं आहे सातशे किलो. चार माणसं तिला हलवूही शकत नाहीत. म्हणून एक मीटर बाय दोन मीटरचे तुकडे कापायचे : शंभर तुकडे, प्रत्येकी ३५ किलो, पाऊस पडून गेला असेल तर आणखी जड. एकूण साडेतीन टन. पातं एका प्लास्टिकचं, पाठीचं कापड दुसऱ्या, चिकटवलेला थर तिसऱ्या, आणि मधे अडकलेली सिलिका. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या घंटागाडीला यातलं काहीच चालत नाही, आणि भंगारवालाही हात लावत नाही. दगड तेवढा जागच्या जागी असतो. वरची कच थोडी कुदळून, लेव्हल लावून पुन्हा सारखी केली, एकदा रोलर फिरवला, की नव्या टर्फला बेसचा खर्च जवळपास नाहीच. पहिल्या वेळी आठवड्याचं झालेलं काम यंदा दोन दिवसांत उरकतं, आणि त्यातला दीड दिवस जुनं उचलण्यात जातो.